पाण्याचा दाब अडतो कोठे?

उन्हाळा लागला की ‘अमुक भागात कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ अशी महापालिकांची प्रकटने निघू लागतात आणि घरोघरी मोटार बसविण्याचे बेत शिजू लागतात. नळाची धार बारीक का झाली, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. प्लंबर येतो, मोटार सुचवतो आणि दुखणे कोणते हे न पाहताच औषध दिले जाते.

बहुमजली इमारतीतील कुटुंबाच्या नळापर्यंत महापालिकेच्या वाहिनीतील दाब मुळात पोचतच नाही, ही साधी बाब येथे विसरली जाते. वाहिनीचे पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते आणि तेथेच त्याचा दाब संपतो. पुढे सोसायटीचा पंप ते गच्चीवर चढवतो. नळाला मिळतो तो केवळ गच्चीवरील टाकीच्या उंचीचा दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. त्यामुळे सात मजली इमारतीत तळमजल्यावर दोन किलोच्या आसपास दाब असतो, तर सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी आणि शॉवर यांत जेमतेम दोन-तीन मीटरचे अंतर उरते. तेथील रहिवासी पालिकेला दोष देतो. वास्तविक तो दोष टाकी बेताच्या उंचीवर बांधणाऱ्याचा आहे. टाकी उंचावणे किंवा गच्चीवरील टाकीतूनच पाणी घेऊन वरच्या दोन मजल्यांसाठी वेगळा दाबपंप बसविणे हे त्यावरचे उपाय होत. त्यात शेजाऱ्याच्या वाट्याला हात लागत नाही, हे महत्त्वाचे.

दुखणे घरातच आहे की बाहेर, हे ओळखायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. एकाच नळाची धार मंद असेल, तर नळाच्या तोंडाची जाळी क्षाराने बुजलेली असते. ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की काम भागते. केवळ गरम पाणी कमी येत असेल, तर गीझर आणि त्याची जोडणी तपासावी. साऱ्या घरात पाणी कमी, पण वरच्या-खालच्या घरांत ठीक असेल, तर घराचा मुख्य कॉक अर्धवट बंद आहे किंवा घरातील नळी आतून गंजली आहे. जुन्या इमारतींतील जस्ती नळ्यांचा हा नेहमीचा आजार. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आत गंजाच्या गाठींनी तिचा व्यास निम्मा झालेला असतो. व्यास निम्मा झाला, तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा नव्हे, सुमारे एक षष्ठांश उरतो. अशा नळीला मोटार जोडणे म्हणजे गंजलेल्या सांध्यांवर ताण देऊन गळती ओढवून घेणे होय. ती नळी बदलणे हाच खरा इलाज, आणि तो खर्चिक असल्यानेच टाळला जातो. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर पाणी अडखळत येत असेल, तर नळीत हवा कोंडलेली असते; टाकीजवळची हवानळी मोकळी आहे ना, तेवढे पाहावे.

बैठी घरे, वाडे आणि झोपडवस्त्या यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे नळ थेट वाहिनीवर असतो आणि खरा संघर्षही तेथेच होतो. एका घराने नळजोडाला मोटार लावली की पुढच्या घराची धार आटते, मग तेही मोटार आणते. वाहिनीतील पाणी तेवढेच राहते. फक्त ज्याच्याकडे मोटार व वीज आहे त्याच्याकडे ते जाते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला पहाटे हंडे घेऊन थांबणारी कुटुंबे या खेचाखेचीची किंमत मोजतात. दुसरा धोका आरोग्याचा आहे. मोटार खेचू लागली की वाहिनीत शोष निर्माण होतो आणि सांध्यांच्या फटींतून भोवतालचे पाणी, कधी गटाराचेही, आत ओढले जाते. अशा मोटारी जप्त करण्याच्या मोहिमा महापालिका वेळोवेळी काढतात, पण मोहीम संपली की नवी मोटार बसते.

कारण मूळ दुखणे शहराच्या रचनेत आहे. वाहिनीत एकमजली घरांसाठी किमान सात, दुमजलीसाठी बारा आणि तीनमजलीसाठी सतरा मीटर दाब असावा, असा निकष केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीने घातला होता. दिवसातून काही तास पाणी सोडणाऱ्या व्यवस्थेला तो पेलणे अवघडच, कारण त्या काही तासांत प्रत्येक नळ एकाच वेळी उघडा असतो. पुण्याची समान पाणीपुरवठा योजना याच निदानावर उभी राहिली: ८२ टाक्या, नव्या वाहिन्या, मीटर आणि प्रत्येक टाकीचे स्वतंत्र क्षेत्र, जेणेकरून सखल भागाने उंच भागाचे पाणी पळवू नये. २०१८ मध्ये सुरू झालेले हे काम ठरलेल्या पाच वर्षांत पुरे झाले नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मात्र २००० च्या दशकाच्या अखेरीसच मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखविले. गाव लहान होते, हे मान्य. पण चोवीस तास पाणी दिले की लोक ते उधळतात, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. मीटरचे बिल आले की गळका नळ दुरुस्त होतो.

तोवर वॉर्ड कार्यालयात जाणाऱ्या नागरिकाने ‘पाणी कमी येते’ एवढेच न सांगता वाहिनीवरच्या नळाला दहा लिटरची बादली किती मिनिटांत भरली, हे चार दिवस वेळेसह टिपून न्यावे. पहाटे आणि सकाळी आठ वाजता, अशा दोन्ही नोंदी त्यात असाव्यात. पहाटे धार बरी असेल आणि आठला कोसळत असेल, तर अभियंत्याला गळतीच्या आधी त्या गल्लीतल्या मोटारी शोधाव्या लागतील.