मागच्याला पुढे घ्या

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामांबरोबर हरिश्चंद्रगड, रतनगड असे पायी फिरत चौथ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई चढलो. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पाठीवर अंथरूण, शिधा, पाणी होते.

धाकटी बहीण सारखी मागे पडायची. आम्ही पुढे जाऊन दगडावर बसायचो. ती धापा टाकत आली, की "चला" म्हणून उठायचो. म्हणजे विसावा आम्हाला मिळे, तिला एकदाही नाही! लोखंडी शिडीपाशी ती रडायलाच लागली. म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही जा." मला फार लाज वाटली. मामांनी तिला पुढे केले. तिचे ओझे आम्ही वाटून घेतले. ती थांबली की सगळे थांबायचे. उशीर झाला, पण देवीच्या देवळाशी सगळे एकदम पोचलो.

माझे मत असे, की वर्गातही हेच करावे. ज्याला गणित उशिरा समजते, त्याला पुढे बसवावे. बाकीच्यांनी त्याच्यासाठी थांबावे. कोणी म्हणेल, हुशार मुलांचा वेळ जातो. जातो खरा. पण डोंगर काही पळून जात नाही. मागे राहिलेला मुलगा मात्र शाळा सोडून घरी बसतो.

– इयत्ता सातवी