‘इट्स’वरून हसणाऱ्यांनो, जरा थांबा

मागच्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका नव्या पोराने क्लायंटला मेल टाकली. मेल चोख होती. बग नेमका कुठे आहे, का येतो, सगळं मुद्देसूद. चूक एकच. ‘त्याचा’ या अर्थी ‘इट्स’ लिहिताना टी आणि एसच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी दिला. झालं! स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला आणि ‘व्हर्नाक्युलर मीडियम’ची टिंगल दिवसभर चालली. पोरगा लातूरकडचा, मराठी शाळेतला. खोटं कशाला बोलू, एक स्मायली मीही टाकला होता.

रात्री विचार केला आणि स्वतःचीच लाज वाटली. अहो, त्या पोराने नियम मोडला नव्हता, पाळला होता! मालकी दाखवायची तर अपॉस्ट्रॉफी आणि एस लावा, हेच ना शाळेत शिकवतात? कंपनीला लागतो, कुत्र्याला लागतो, मग ‘इट’ने काय घोडं मारलंय? तर ‘इट’ हे सर्वनाम. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांच्यासारखंच त्याच्या मालकीच्या रूपाला चिन्ह लागत नाही. चिन्हवालं ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. बस्स, एवढंच. दोन मिनिटांत सांगता येतं, पण सांगितलं कोणीच नाही. आणि गंमत म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकात खुद्द इंग्रजच मालकीचं ‘इट्स’ चिन्ह देऊन छापत होते.

आजही त्यांच्या घरी कुठे एकवाक्यता आहे? लंडनच्या पिकॅडिली लाईनवर अर्ल्स कोर्ट स्टेशनला अपॉस्ट्रॉफी आहे, लगतच्या बॅरन्स कोर्टला नाही. वॉटरस्टोन्स ही पुस्तकांच्या दुकानांची एवढी मोठी साखळी, तिने २०१२ मध्ये आपल्या नावातून तो काढूनच टाकला.

मग अपॉस्ट्रॉफी गेला खड्ड्यात, असं म्हणायचंय का मला? अजिबात नाही. आपल्याकडे ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यात एका अनुस्वाराचा फरक, पण तो कानाला कळतो. इंग्रजीत अनेक मुलगे, एका मुलाचं, अनेक मुलांचं, तिन्हींचा उच्चार ‘बॉइज’! फरक फक्त कागदावर. एसच्या आधी चिन्ह तर एकाचं, एसनंतर तर अनेकांचं, आणि नुसतं अनेकवचन असेल तर चिन्हच नाही.

हा फरक महागात पडतो. गेल्या वर्षी आमच्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलं होतं, ‘यूझर्स ऑर्डर्स’ दाखवा. चिन्हाचा पत्ता नाही. आम्ही ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्या ऑर्डरी दाखवल्या. क्लायंटला हव्या होत्या एका खात्यातल्या सगळ्या यूझर्सच्या. दोन आठवड्यांचं काम पाण्यात. ते वाक्य लिहिणारे गृहस्थ कॉन्व्हेंटचे, फाडफाड इंग्रजी बोलणारे. त्यांचा स्क्रीनशॉट फिरला का? छे! त्याला ‘कम्युनिकेशन गॅप’ म्हणाले.

म्हणजे आपण चुकीला हसत नाही. चूक कोणाची आहे ते बघतो आणि मग हसायचं की नाही ते ठरवतो. याला भाषेचं प्रेम म्हणू नका, प्लीज.

काल त्या पोराला कँटीनमध्ये गाठलं. सॉरी म्हटलं, नियम समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?