फणस : कुणी, केव्हा आणि किती?



मिरगाचा पाऊस पडू लागला की आपल्या कोकणात फणसाची किंमत उतरते. मे महिन्यात मुंबईकर पाहुण्यांपुढे कौतुकाने फोडलेला फणस जूनमध्ये झाडाखाली कुजत पडतो. घरचं म्हणून त्याचं मोल नाही. आणि कुणी मोल सांगितलं तर ते अर्धवट सांगितलेलं असतं. अर्धवट सांगण्याने काय होतं, ते आज सांगते.

गेल्या वर्षी जूनमध्ये कशेडीकडच्या एका घरी जाण्याचा योग आला. २०२३ साली बोगदा सुरू झाल्यापासून घाट चढायची वेळ फारशी येत नाही, पण ओळखीचं घर, म्हणून मुद्दाम घाटरस्त्याने गेले. परसात फणसाचं जुनं झाड, खोडापासून फांद्यांपर्यंत लगडलेलं. चार-पाच फळं खाली फुटून पडलेली. ओटीवर आजी बसल्या होत्या. पुढ्यात गऱ्यांचा वाडगा आणि पायाला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "दगड लागला होता. महिना झाला, भरतच नाही."

सून मला आत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, सासूबाईंना साखरेचा आजार आहे. फणसाने साखर उतरते असं कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. तेव्हापासून गोळ्या बंद आणि दोन्ही वेळा गरे चालू."

आता पाहा, ज्याने ते सांगितलं तो अगदीच खोटं बोलत नव्हता. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुळम इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मधुमेहाच्या ४० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना बारा आठवडे दररोज ३० ग्रॅम फणसाचं पीठ दिलं होतं. या रुग्णांची साखर इतरांपेक्षा जास्त आटोक्यात राहिली. पण तीन गोष्टी नीट ध्यानात घ्या. ते पीठ कच्च्या फणसाचं होतं, पिकल्याचं नव्हे. ते जेवणावर वाढवून दिलं नव्हतं, तेवढा भात किंवा गव्हाचं पीठ कमी करून दिलं होतं. आणि रुग्णांच्या गोळ्या चालूच होत्या. शिवाय ४० माणसं म्हणजे फार नव्हेत. तेव्हा एवढ्यावरून फणसाला औषध म्हणता येत नाही.

एकाच झाडाचं फळ, पण कच्चं आणि पिकं यांत एवढा फरक का? कच्च्या फणसात पिठूळ भाग आणि चोथा असतो. फळ पिकताना त्या पिठाची साखर होते, म्हणून तर गरा गोड लागतो. १०० ग्रॅम कोवळ्या कुयरीत पिठूळ-गोड भाग साधारण ९ ग्रॅम. तेवढ्याच पिकल्या गऱ्यांत तो २० ग्रॅमच्या घरात जातो, आणि त्यातली बहुतेक साखरच. म्हणजे चार-पाच मध्यम गरे खाल्ले की जवळजवळ चार चमचे साखर पोटात गेली. आजी तर वाडगाभर खात होत्या!

म्हणून पिका फणस वाईट असं मात्र समजू नका. शेतात राबणाऱ्या माणसाला, खेळून दमलेल्या पोराला तो चांगली ताकद देतो. त्यात थोडं क जीवनसत्त्व आहे, पोटॅशियम भरपूर आहे. पण ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे, त्यांना हेच पोटॅशियम बाधतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फणस खाऊ नये.

खरं धन आपण फेकतो ते आठळ्यांचं. १०० ग्रॅम आठळ्यांत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात, पिकल्या गऱ्यांच्या तिपटीहून जास्त. गरोदर सुनेला, वाढत्या मुलांना डाळ-कडधान्याच्या जोडीला त्या द्याव्या. मात्र कच्च्या खाऊ नयेत. कच्च्या आठळीत प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. धुऊन, वाळवून, राखेत किंवा कोरड्या मातीत ठेवल्या तर पावसाळ्यात उपयोगी पडतात. टाकळ्याच्या भाजीत, आमटीत घाला, नाहीतर चुलीत भाजून मिठाबरोबर खा. आठळ्याही पिठूळच, तेव्हा साखरवाल्यांनी त्या दिवशी भात कमी घ्यावा.

पुढच्या हंगामात एवढं करून पाहा. फाल्गुन-चैत्रात दाटीने लागलेल्या कुयऱ्या थोड्या विरळ करा आणि त्यांची भाजी करा. हाताला आणि विळीला खोबरेल लावलं की चीक चिकटत नाही. फळ पूर्ण भरलं पण पिकलं नाही, अशा वेळी काही फणस उतरवा. गरे चिरून उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि दळून आणा. हे पीठ भाकरीच्या पिठात थोडं मिसळता येतं. बरक्याची सांदणं आणि साटं तर तुम्हाला मी काय शिकवणार! चारखंडं गुरांपुढे टाकली की काही वाया गेलं नाही.

त्या दिवशी आजींचा वाडगा मी बाजूला ठेवला. त्या रागावल्या. म्हणाल्या, "झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं, आणि मीच खायचं नाही?" मी म्हटलं, "आजी, खा. पण पाय राहिला तर पुढच्या वर्षीही खाल." दुसऱ्याच दिवशी मुलाने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. साखर खूप चढली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पायाची मलमपट्टी रोज होऊ लागली. दिवाळीत गेले तेव्हा जखम भरली होती. आजी अंगणात चालत आल्या आणि पहिला प्रश्न केला, "डॉक्टरांनी दोन गरे चालतील म्हटलंय. मेमध्ये येशील ना मोजायला?"

तुमच्या घरी कुणी गोळ्या सोडून फणसावर विसंबलं असेल, तर आजच दवाखान्यात न्या. फणस हे अन्न आहे, औषधाची जागा त्याला देऊ नका.