स्टेंट बसला, आता चालायचं किती? जेसल पार्कच्या चौपाटीवरचा प्रश्न

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची खाडीकाठची चौपाटी म्हणजे सकाळी चालणाऱ्यांची हक्काची जागा. या गर्दीत स्टेंट बसवलेले, बायपास झालेले लोकही असणारच. काहींनी मात्र घराबाहेर पडणंच सोडलेलं असतं, कारण व्हॉट्सअॅपवर आलेले जिममध्ये कोसळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ.

10 ऑगस्ट 2022 रोजी विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीत ट्रेडमिलवर व्यायाम करताना कोसळले, 21 सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. अशा प्रत्येक बातमीनंतर एकच निष्कर्ष फिरतो: हार्टवाल्यांनी व्यायाम करू नये.

गंमत म्हणजे एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. 1952 मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेविन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पलंगाऐवजी खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडसच वाटलं होतं. आज चित्र उलटं आहे. कॉक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात 85 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामाचा कार्यक्रम घेणाऱ्यांना पुन्हा झटका येण्याचं आणि पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी दिसलं.

या कार्यक्रमाला कार्डिअॅक रिहॅब म्हणतात. आधी तपासणी, मग देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, सोबत आहार, औषधं आणि तंबाखू सोडण्यासाठी मदत. नुसतं 'रोज चालत जा' हा सल्ला म्हणजे रिहॅब नव्हे.

मग अडतं कुठे? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास होते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजनेचा भर दवाखान्यातल्या उपचारांवर. नंतरचे तीन महिने रुग्णाच्या स्वतःच्या हिमतीवर. त्यात मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातल्या सत्रासाठी आठवड्यातून दोन-तीनदा भाईंदरहून लोकलने जायचं, तर नुकताच झटका येऊन गेलेल्या माणसाला तो प्रवासच व्यायामाहून जड.

यावर भारतातच एक प्रयोग झाला. 'योगा-केअर' चाचणीत देशातल्या 24 रुग्णालयांतले 3,959 रुग्ण होते; 12 आठवड्यांत योगाची 13 सत्रं. निकाल 2018 मध्ये मांडले गेले. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत ठळक फरक सिद्ध झाला नाही, हे सांगायलाच हवं, कारण फॉरवर्डमध्ये ते गाळलं जातं. पण योगा करणाऱ्या गटातले लोक आधीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. ज्याचं घर रोजच्या कामावर चालतं, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. घरून केलेल्या रिहॅबचा परिणामही केंद्रात केलेल्याइतकाच दिसतो, असं इतर चाचण्या सांगतात. अर्थात, सुरुवात तपासणीनेच.

चौपाटीवर वेग ठरवायची सोपी खूण: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका. बीटा ब्लॉकरच्या गोळीने ती मुळातच कमी राहते. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, पाण्याची भरलेली कळशी उचलायची नाही. आणि छातीत दाब, चक्कर, थंड घाम किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली, तर फेरी तिथेच सोडून बसायचं. आराम करूनही थांबलं नाही तर 108 ला फोन.