डब्यातलं अंडं आणि शाळेची मूल्यं



गेल्या आठवड्यात नातीच्या शाळेत पालकसभा होती. सुनेला सुट्टी मिळेना, म्हणून डोंबिवलीहून ठाण्याला मीच गेले. शाळेला वर्षासाठी पाच मूल्यं ठरवायची आहेत, त्यासाठी पालकांच्या सूचना हव्या होत्या. आपल्या समाजाच्या सात-आठ जणी ठरवूनच आल्या होत्या. म्हणाल्या, पहिलं मूल्य 'शाकाहार' लिहा.

मी उभी राहून विरोध केला. तेव्हापासून दोघी माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

माझ्या घरात कांदा-लसूण येत नाही. चौविहार आहे. तेव्हा मी 'बिघडले' असं कोणी म्हणू नये.

महिन्यापूर्वी नातीच्या वर्गात एका मुलाच्या डब्यात अंडं निघालं. चौघींनी नाकाला रुमाल लावून बाक सोडला. पोरगा डबा तसाच झाकून घरी घेऊन गेला. त्या चौघींत आमची नात होती. घरी येऊन मला म्हणाली, "आजी, आज मी अहिंसा पाळली." शाबासकीसाठी उभी होती माझ्यासमोर! एक मूल दिवसभर उपाशी राहिलं आणि आमच्या मुलीला वाटलं धर्म झाला. हे तिला कोणी शिकवलं? शाळेने नाही. आपण, जेवताना, दुसऱ्यांच्या ताटाबद्दल बोलून.

पच्चक्खाण आपण स्वतःसाठी घेतो. शेजारणीच्या मुलाच्या वतीने कधी घेतलंय का कोणी?

आपल्याच समाजातले शांतिलाल मुथ्था बघा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. ती काही जैनांची मुलं नव्हती. पुढे त्यांच्या फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं, नंतर सरकारने ते राज्यभर नेलं. त्यात मूल्यं कुठली घेतली? आपल्या पाठशाळेतली नाहीत. संविधानातली: स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता. तीही भाषणं देऊन नाही, मुलांनी जोडीत, गटात बसून बोलायचं, एकमेकांचं ऐकायचं. वर्गात सगळ्यांची मुलं असतात, म्हणून मूल्यंही सगळ्यांना आपली म्हणता येतील अशी.

आणि सरकारी परिपाठातली दहा मूल्यं तर आपल्या मुलांच्याही वेळची. त्यात संवेदनशीलता आहे, सर्वधर्मसहिष्णुता आहे, श्रमप्रतिष्ठा आहे. श्रमप्रतिष्ठा मी सुचवली तर सभेत कोणी मान वर केली नाही. साहजिक आहे. कामवालीचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरात तो शब्द टोचतो.

मी बी.कॉम. आहे, जमाखर्च कळतो. प्रवेशासाठी भाड्याचा खोटा करार करायचा, दुकानात कच्चं बिल द्यायचं, आणि शाळेने मात्र मुलांना सत्य शिकवायचं. अस्तेयही आपलंच व्रत आहे ना? मग यादीत 'प्रामाणिकपणा' कोणालाच का सुचला नाही? शाकाहार सोपा पडतो, कारण तो आपण आधीच पाळतो. त्यात आपलं काहीच जात नाही.

फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा आहे. मी संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा आणि प्रामाणिकपणा लिहिलंय. दोन जागा रिकाम्या आहेत, त्या नातीला भरायला सांगितल्यात. त्या मुलाशी ती अजून बोललेली नाही. रोज शाळेतून आली की मी विचारते.