आपला सिलिंडर आणि परदेशाचं राजकारण

मुखेड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, गॅस कोणाकोणाकडे आहे? सगळ्या हात वर झाले. या महिन्यात पेटवला किती जणींनी? चारच हात. बाकीच्यांच्या भाकरी तुराट्यांवर. लातूर जिल्ह्यात औशाकडेही हेच दिसतं.

दर वाढला की आपण तहसीलवर मोर्चा नेतो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. देशात लागणारा निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो. आणि गॅस विकणारे देश नुसता माल विकत नाहीत, त्याच्या जोरावर दबावही आणतात.

२०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपचा नैसर्गिक वायू तोडत नेला. युरोपनं मग जगभरातला द्रवरूप वायू चढ्या भावानं उचलला. जर्मनीनं रशियाच्या गॅझप्रॉमची तिथली कंपनी ताब्यात घेतली आणि आपल्या 'गेल'शी २०१२ मध्ये झालेल्या करारातला पुरवठा अडला. भांडण त्यांचं, खोळंबा आपला. आपल्या शेतातला युरियाही याच वायूपासून बनतो. स्वयंपाकाचा गॅसही महागत गेला. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत सिलिंडर १,१०३ रुपयांवर पोचला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लादला. नोव्हेंबरमध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी २०२६ साठी अमेरिकेकडून २२ लाख टन स्वयंपाकाचा गॅस घेण्याचा करार केला. वर्षाच्या आयातीचा हा सुमारे दहावा हिस्सा. याला निव्वळ व्यापार म्हणायला मी तयार नाही.

एकाच भागावर विसंबू नये, हे मलाही पटतं. पण या सौद्यांची किंमत घरात कोण मोजतं? दर चढला की नवऱ्याची तंबाखू थांबत नाही, सिलिंडर थांबतो. मग सरपण बाईच्या डोक्यावर आणि धूर बाईच्या छातीत. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कनेक्शन बाईच्या नावावर मिळालं, पण तो भरून आणायचा की नाही हे ठरवणारा पैसा तिच्या हातात नाही.

म्हणून मागणी केवळ दर कमी करण्याची नको. परदेशात भाव भडकला तर तो भार गरीब घरावर पडू नये, अशी कायमची तरतूद हवी. गावात गोबरगॅसला खरा पैसा हवा. आणि मैत्रिणींनो, परराष्ट्र धोरण हा पुरुषांच्या पारावरचा विषय आहे, हे आपण मानणं सोडू या. पुढच्या बैठकीत सिलिंडर मधोमध ठेवा आणि विचारा, हा कुठून आला?