सात वेळा धुवा, पण दगड कुठे लिहिलाय?

गेल्या महिन्यात मगरिबनंतर मशिदीच्या ओट्यावर एका चाचांनी मला अडवलं. "मास्तर, कुत्रा पाळलात म्हणे. घरात फरिश्ते येतील का आता?" मी म्हटलं, चाचा, कुत्रा घरात नसतो, वाडीत असतो, वानरं हाकलतो. शेताची राखण आणि शिकार, दोन्हींसाठी कुत्र्याची सूट हदीसमध्येच आहे. चाचा म्हणाले, "ते जुन्या काळचं." म्हणजे मनाई आजची आणि सूट तेवढी जुनी!

कुत्रा लॅब्राडोर. पुतण्याने मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणला, झेपेना म्हणून दिवेआगरला धाडला. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे पाणकुत्रे. जाळ्यातून निसटलेला मासा, वाहून चाललेली दोरी आणून द्यायचे. पुढे बंदुकवाल्यांनी पडलेले पक्षी आणायला त्यांना कामाला लावलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीवर बंधनं आली, बरं झालं. पण आणून देण्याची ओढ कुत्र्यातून जात नाही. तिला काम दिलं नाही तर तो चपला पळवतो, किनाऱ्यावर कासवाची अंडी उकरतो.

म्हणून सकाळी ओहोटीला मी त्याला सुरूच्या बनाकडे नेतो. बसवतो. त्याच्या देखत एका खोडापाशी कापडाची घट्ट गुंडाळी ठेवतो. मग दोघं पाठ फिरवून चालू लागतो. वीस पावलांवर वळायचं, त्या दिशेला हात धरायचा आणि सोडायचं. ते पक्कं झालं की पन्नास पावलं, मग दोनशे. मग मध्येच वाळूत पाच-दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं आणि नंतर पाठवायचं. वारा त्याच्या पाठीमागून हवा. समोरून असला तर वास त्याच्यापर्यंत येतो, मग तो नाकाने शोधतो, आठवणीने नाही. चुकला तर ओरडायचं नाही, अंतर कमी करायचं. बहुतेक वेळा घाई आपलीच झालेली असते. सगळ्यात अवघड धावणं नाही. जागा डोक्यात धरून, हुकूम येईपर्यंत न हलणं अवघड.

आता फिकहची किताब उघडा. आपण कोकणी शाफई. आपल्याच मजहबात शिकवलेल्या कुत्र्याची लक्षणं दिलीत: सोडला की जातो, रोखला की थांबतो, पकडलेलं खात नाही. खाल्लं, तर त्याने ते स्वतःसाठी पकडलं, तुम्ही खाऊ नका, असं हदीस सांगते. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत याहून मोठी गोष्ट आहे: कुत्र्याला तुम्ही जे शिकवता, ते अल्लाहने तुम्हाला दिलेल्या इल्ममधलंच. नशिकल्या कुत्र्याने मारलेलं हराम, शिकलेल्याने आणलेलं हलाल. जनावर तेच, लाळ तीच. फरक शिकण्याचा. "कुत्रं ते, त्याला काय कळतंय?" म्हणणाऱ्यांनी या आयतीचं काय करायचं ते सांगावं.

लाळ नापाक, हे मी नाकारत नाही. मालिकी कुत्र्याला पाक मानतात, पण मी पळवाट शोधत नाही. घरी येऊन हात सात वेळा धुतो, त्यातला एकदा मातीने. पाच मिनिटं लागतात. हा धुण्याचा हुकूम आहे, मारण्याचा नाही. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला मोज्याने पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही हदीस तर आपण मुलांना घोकून शिकवतो.

आणि तीच मुलं दगड मारतात. पंधरा दिवसांपूर्वी तो गुंडाळीकडे धावत असताना तिघांनी नेम धरला. एक दगड मागच्या पायाला लागला. तेव्हापासून तो त्या सुरूपर्यंत जातच नाही. अर्ध्यावर थांबतो, वळून माझ्याकडे बघतो. आठवण ठेवायला मीच शिकवलं होतं. त्याने ही जागाही लक्षात ठेवली.

बिगरमुस्लिम मित्रांनी यावर "मुसलमानांना कुत्रे चालतच नाहीत" म्हणून लगेच मान डोलावू नये. किनाऱ्यावर काठ्या घेऊन कुत्र्यांमागे लागणारे सगळ्या आळ्यांतले आहेत.

माझं म्हणणं आपल्या जमातीला आहे. जुम्याच्या बयानात कुत्र्याच्या नापाकीवर मी कितीतरी वेळा ऐकलं. शिकारीच्या बाबवर एकदाही नाही. येत्या जुम्याला तो बाब घ्या. मुलांना पुढच्या सफेत बसवा, माझ्या तिघांना तर नक्की. आम्ही तोवर पुन्हा वीस पावलांवर आलोय.